शुगर वाढली की आधी रागावतात, मग गोळी वाढवतात

वाचकाचं पत्र :

नमस्कार मॅडम, माझं वय ४६, सोलापूर जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी राहते, पतसंस्थेत नोकरी करते. चार वर्षांपूर्वी शुगर निघाली. वजन ५२ किलो, घरात मीच सगळ्यात बारीक. आमचे डॉक्टर एमडी आहेत, हुशार आहेत, पण गर्दी एवढी की सकाळी सातला नंबर लावला तर एक-दीडला आत सोडतात आणि आत दोन मिनिटं. रिपोर्ट बघतात आणि म्हणतात, काहीतरी खाताय तुम्ही, भात बंद करा, वजन कमी करा, चाला. मागच्या महिन्यात फास्टिंग १६८, जेवणानंतरची २१४ आणि तीन महिन्यांची ८.९ आली. बाहेर बाकावर बसलेल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, असंच चाललं तर इन्सुलिनच सुरू करतो, मग कळेल. ग्लिमेपिराइड १ ची २ केली. मेटफॉर्मिन १००० दोन वेळा आधीपासून आहे, पण त्याने मला संडासला पळावं लागतं म्हणून रात्रीची गोळी मी आठवड्यातून दोन-तीनदा घेतच नाही, हे त्यांना सांगितलेलं नाही. सकाळी गोळ्या, चहा-टोस्ट घेऊन निघते, डबा दीडला. अकरा-साडेअकराला हातपाय गळतात, घाम फुटतो, थरथर होते, मग ड्रॉवरमधली बिस्किटं खाते, कधीकधी पूर्ण पुडा. तळपायाची आग होते, विचारलं तर शुगरमुळेच म्हणाले. पाळीत अंगावरून खूप जातं, हिमोग्लोबिन ८.६ आहे. आहारतज्ज्ञाकडे पाठवलं तर ओट्स, ब्रोकोली, ऑलिव्ह ऑइल लिहिलेला छापील कागद हातात दिला. सासूबाई म्हणतात भाकरी कितीही खा, नणंद म्हणते दिवसातून दोनदाच जेव, शेजारच्या काकू एक पावडर आणून देणार आहेत, गोळ्या सुटतात म्हणे. मला आता दवाखान्यात जायचीच भीती वाटते. चूक माझीच आहे का? डॉक्टर बदलू का? का हे सगळं सोडून पावडर चालू करू?
— नाव छापू नका

उत्तर :

ताई, बाकी सगळं नंतर, आधी त्या अकरा-साडेअकराच्या थरथरीचं बोलू, कारण तुम्ही ते पत्रात अगदी जाता जाता लिहिलंय आणि मला तेच सगळ्यात काळजीचं वाटतंय.

ग्लिमेपिराइड ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. तुम्ही जेवलात की नाही हे तिला कळत नाही, ती आपलं काम करत राहते. तुम्ही ती सकाळी घेता, वर चहा आणि दोन टोस्ट, आणि डबा दीड वाजता, म्हणजे मधल्या पाच-सहा तासांत गोळी जोरात चालू आणि पोटात काहीच नाही. घाम, थरथर, हातपाय गळणं ही शुगर लो होण्याची लक्षणं असू शकतात, आणि आता तर डोस दुप्पट झालाय. असू शकतात म्हणते, कारण हिमोग्लोबिन ८.६ असताना नुसत्या रक्त कमी असण्यानेही गळून गेल्यासारखं होतं, त्यामुळे मोजल्याशिवाय नक्की सांगता येणार नाही. पण मोजायची वाट बघत नुसत्या बसू नका. थरथर सुरू झाली की जागेवर बसा, ग्लुकोमीटर जवळ असेल तर बोट टोचून आकडा बघा, ७० च्या खाली असेल किंवा मशीनच जवळ नसेल तर सरळ तीन चमचे साखर पाण्यात घालून प्या, पंधरा मिनिटांनी परत मोजा, अजून खालीच असेल तर परत तेवढीच, आणि बरं वाटलं की मग डब्यातलं काहीतरी खा. बिस्किटं यासाठी बरोबर नाहीत, त्यात तूप-तेल असतं म्हणून साखर रक्तात यायला उशीर लागतो आणि तोपर्यंत जीव घाबरा होऊन माणूस अख्खा पुडा संपवतो, जे तुमचं होतंय. ड्रॉवरमध्ये बिस्किटांच्या जागी ग्लुकोज पावडर ठेवा, आणि शेजारच्या टेबलावरच्या कुणाला तरी सांगून ठेवा की मला असं होतं. लपवू नका हो. कधी शुद्ध हरपली तर तोंडात पाणी किंवा साखर ओतायची नाही, उचलून थेट दवाखान्यात न्यायचं, हेही त्यांना सांगा.

आणि उद्याच दवाखान्यात फोन करा. पुढच्या तारखेपर्यंत थांबू नका. कंपाउंडरने फोन घेतला तरी चालेल, म्हणा "मला अकरा-साडेअकराला शुगर लो झाल्यासारखं होतंय आणि डॉक्टरांनी मागच्या महिन्यात गोळी वाढवलीय, डोस काय करू ते विचारून सांगा." डोस मी पत्रातून बदलणार नाही, तो ज्यांनी लिहिलाय त्यांनी किंवा तुम्हाला तपासणाऱ्या दुसऱ्या डॉक्टरांनी बदलायचा. पण तोपर्यंत एवढं तरी पाळा की ती गोळी घेतली की पोटभर नाश्ता झालाच पाहिजे, नुसता चहा-टोस्ट नाही. ज्या दिवशी नाश्ता होणारच नाही, एकादशी आहे, संकष्टी आहे, पहाटे गावाला जायचंय, त्या दिवशी ती गोळी घ्यायची का नाही हे डॉक्टरांना विचारून चिठ्ठीवर लिहून घ्या.

आता तुमचा प्रश्न, चूक माझीच आहे का. तुमच्या पत्रातला दिवस नीट मांडून बघा. सकाळी गोळी, अकराला शुगर खाली, घाबरून बिस्किटं, त्यावर दीडला जेवण, म्हणून जेवणानंतरची वर. रात्रीची मेटफॉर्मिन अधूनमधून बुडते, म्हणून सकाळची वर. रिपोर्टमध्ये फक्त दोन वर गेलेले आकडे दिसतात, मधला खाली गेलेला दिसत नाही, बुडालेली गोळी तर कुठल्याच रिपोर्टमध्ये येत नाही. डॉक्टर म्हणतात खाताय, आणि खरंच खाताय, पण का खाताय हे कुणी विचारलंच नाही. आणि ज्या गोळीने बहुतेक हे होतंय तीच वाढली. यात मला तुमचा चटोरपणा कुठे दिसत नाही. मी इतकी वर्षं डायबिटीस एज्युकेटर म्हणून ओपीडीत बसते, ज्यांना "तुम्ही चोरून गोड खाताय" म्हणून ओरडा बसलेला असतो त्यांच्यात अशी माणसं मला सारखी भेटतात, की ज्यांना कुणी गोळी किती वाजता घेता एवढंसुद्धा विचारलेलं नसतं.

रात्रीची गोळी बुडवता हे डॉक्टरांपासून लपवलंत याबद्दल मी तुम्हाला रागावणार नाही, ओरडा खाऊन आलेलं माणूस लपवतंच. पण बघा काय झालं, त्यांना वाटतंय बाई दिवसाला २००० मेटफॉर्मिन घेतेय तरी शुगर हलत नाही, म्हणजे आणखी जोरदार गोळी पाहिजे. ते ज्या पेशंटवर उपचार करतायत ती बाई तुम्ही नाहीच. म्हणून हे सांगावंच लागेल, आणि सांगायला लाजायचं काही कारण नाही, मेटफॉर्मिनने पोट बिघडणं ही अगदी नेहमीची गोष्ट आहे आणि त्यावर उपायसुद्धा नेहमीचेच आहेत. हळूहळू सुटणारी एसआर किंवा एक्सआर गोळी मिळते, ती पुष्कळ जणांना सोसते. तुमच्या पाकिटावर एसआर लिहिलंय का बघा. नसेल तर डॉक्टरांना विचारा की एसआर देता का, आणि डोस कमीपासून सुरू करून हळूहळू वाढवता येईल का. गोळी जेवणासोबत किंवा जेवण झाल्या झाल्या घ्यायची, उपाशीपोटी नाही. एवढ्यावर पुष्कळांचं निभतं. नाहीच निभलं तर दुसऱ्या गटातल्या गोळ्या आहेत, सिटाग्लिप्टिन, व्हिल्डाग्लिप्टिन, डापाग्लिफ्लोझिन, यांची पेटंटं संपल्यावर भारतात त्या पूर्वीपेक्षा खूप स्वस्त झाल्यात, आणि एकट्या घेतल्या तर त्यांनी शुगर लो व्हायचा धोका ग्लिमेपिराइडपेक्षा बराच कमी असतो. त्यातली कुठली तुम्हाला चालेल हे किडनी वगैरे बघून ठरवावं लागतं, पण असा पर्याय असतो हे माहीत असलं की विचारता तरी येतं.

"वजन कमी करा" हे ५२ किलोच्या बाईला सांगितलेलं वाचून मला वाईट वाटलं. उंची तुम्ही लिहिली नाहीत, तरी घरात सगळ्यात बारीक म्हणताय म्हणून सांगते. आपल्याकडे बारीक माणसालाही शुगर होते हे पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी वर्षानुवर्षं अभ्यासून जगाला दाखवलंय. २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय साप्ताहिकात त्यांचा आणि इंग्लंडच्या डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो आला होता, दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३, पण अंगातली चरबी मोजली तर युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! म्हणजे वरून सडपातळ, आतून चरबी, स्नायू कमी. अशा माणसाला उपाशी ठेवून वजन उतरवलं तर आहेत तेही स्नायू जातात. तुम्हाला गरज आहे ती स्नायू वाढवायची, म्हणजे पोटभर प्रोटीन आणि थोडा ताकदीचा व्यायाम, खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, पाण्याच्या बाटल्या घेऊन हात वर करणं, जिना चढणं. आणि एक गोष्ट डॉक्टरांना जरूर विचारा. बारीक माणूस, गोळ्या वाढवूनही शुगर ताब्यात येत नाही, वजन आपोआप उतरतंय, असं असेल तर सी-पेप्टाइड आणि जीएडी अँटीबॉडी या रक्ताच्या तपासण्या करतात, त्यातून कळतं की स्वतःचं इन्सुलिन किती शिल्लक आहे आणि हा नेहमीचा टाइप टू आहे की दुसराच प्रकार हळूहळू उघडा पडतोय. प्रत्येकाला लागत नाहीत, पण तुमच्या बाबतीत विचारायला हरकत नाही.

हिमोग्लोबिन ८.६ हे तुम्ही शुगरच्या पत्रात घातलंत ते बरं केलंत, कारण त्याचा शुगरच्या रिपोर्टशी थेट संबंध आहे. ती तीन महिन्यांची टेस्ट, एचबीएवनसी, तांबड्या पेशींना चिकटलेली साखर मोजते. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, म्हणून तीन महिन्यांचा अंदाज येतो. पण लोह कमी असलं की हा आकडा खोटाच वर दिसू शकतो, आणि खूप रक्त जाऊन नव्या पेशी भराभर तयार होत असतील तर खोटाच खालीही दिसू शकतो. तुमच्या ८.९ चं सरासरीत रूपांतर केलं तर साधारण २०९ येतं आणि तुमची फास्टिंग आणि जेवणानंतरचीही वरच आहे, त्यामुळे शुगर वाढलेली आहे यात मला शंका वाटत नाही, तेवढं मनावर घ्या. पण एवढ्या कमी रक्तात नुसत्या त्या एका आकड्यावर गोळ्या वाढवत जाणं बरोबर नाही, सोबत घरी मोजलेले आकडे पाहिजेत. आणि अंगावरून जातंय त्यासाठी स्त्रीरोगतज्ज्ञाकडे वेगळं जा, वयाच्या नावाखाली ते सोडून देऊ नका, थायरॉइडही बघून घ्या.

तळपायाची आग. शुगरमुळे असू शकते, पण चार वर्षं मेटफॉर्मिन घेतल्यावर बी-ट्वेल्व्ह कमी होऊ शकतं आणि तेही अगदी असंच करतं, मुंग्या, आग, बधिरपणा. शाकाहारी असाल तर शक्यता आणखी जास्त. रक्ताची एक तपासणी आहे, कमी निघालं तर गोळ्या-इंजेक्शनने भरून काढता येतं, आणि वेळेत केलं तर नसा सुधारतात. ती न करता शुगरमुळेच म्हणून मोकळं होणं हे मला पटत नाही. तुमच्या पायातल्या चपला कुणी काढायला लावल्या होत्या का हो? वर्षातून एकदा तरी पाय उघडे करून बघायचे असतात, नायलॉनचा एक बारीक धागा असतो तो तळव्याला टेकवून कळतंय का विचारतात, ट्यूनिंग फोर्क नावाचा धातूचा चिमटा वाजवून पायाच्या अंगठ्याला लावून थरथर जाणवते का बघतात. दोन मिनिटांचं काम आहे. तसंच डोळ्यात थेंब टाकून पडदा तपासणं हे टाइप टू निघाल्या निघाल्याच करायचं असतं आणि पुढे दरवर्षी, आणि लघवीतून प्रोटीन जातंय का ते बघणारी युरिन अल्ब्युमिन-क्रिएटिनिनची तपासणी, सोबत क्रिएटिनिन, कोलेस्टेरॉल, बीपी. पत्रात यातलं काहीच दिसलं नाही, झालं नसेल तर हे मागून घ्या. चष्म्याचा नंबर काढला म्हणजे डोळे तपासले असं नाही.

इन्सुलिनची धमकी दिली त्याबद्दल दोन शब्द. इन्सुलिन ही शिक्षा नाही. ब्रिटनमध्ये १९७७ साली सुरू झालेल्या यूकेपीडीएस या मोठ्या अभ्यासात स्पष्ट दिसलं की टाइप टू मध्ये स्वादुपिंडाची ताकद वर्षांगणिक कमी होत जाते आणि बहुतेकांना पुढे एकाहून जास्त औषधं लागतात, कितीही मन लावून पथ्य केलं तरी. आणि १९९८ साली त्याचे मोठे निष्कर्ष आले तेव्हा हेही सिद्ध झालं की शुगर ताब्यात ठेवली तर डोळे आणि किडनीचं नुकसान कमी होतं. म्हणजे औषध वाढणं हा तुमचा पराभव नाही, आजाराची चाल आहे. उद्या तुम्हाला खरंच इन्सुलिन लागलं तर ते तुम्ही घ्यावं आणि मान ताठ ठेवून घ्यावं. ते शस्त्र म्हणून पेशंटवर उगारलं की माणूस गरज पडल्यावरही नाही म्हणतो आणि त्यात वर्षं जातात, हे मी फार बघितलंय आणि याचा मला मनापासून राग येतो.

डॉक्टरांची बाजू मी झाकणार नाही. आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, तिच्या २०२३ साली आलेल्या मोठ्या पाहणीत देशात १० कोटींच्या वर लोकांना डायबिटीस असल्याचं निघालं, आणि २०१७ साली बीएमजे ओपन या वैद्यकीय नियतकालिकात जगभरातल्या डॉक्टरांच्या वेळेचा जो अभ्यास आला त्यात भारतात एका पेशंटला मिळणारा वेळ साधारण दोन मिनिटांचाच होता. तुमचे डॉक्टर दिवसाला तेवढी माणसं बघून थकत असतील. पण थकलं म्हणून चारचौघांत पेशंटची लाज काढावी असं कुठे लिहिलेलं नाही. तुम्हाला अपमान वाटला ते बरोबरच आहे, शुगरच्या पेशंटना आकड्यांचा, पथ्याचा, बोलण्यांचा जो कंटाळा आणि धसका येतो त्याला डायबिटीस डिस्ट्रेस असं नावच आहे आणि त्याने शुगरवरही परिणाम होतो. तुम्ही कमकुवत आहात म्हणून होत नाहीये.

ती दोन मिनिटं वापरायची कशी ते सांगते. ग्लुकोमीटर नसेल तर घ्या, आणि पंचवीस स्ट्रिपची एक डबी. रोज सकाळची फास्टिंग मोजून स्ट्रिपा संपवू नका. एक दिवस नाश्त्याआधी आणि नाश्ता सुरू केल्यापासून दोन तासांनी, एक दिवस डब्याच्या आधी आणि दोन तासांनी, एक दिवस रात्रीच्या जेवणाआधी आणि दोन तासांनी, आणि थरथर होईल तेव्हा प्रत्येक वेळी. रात्री घामाने जाग येत असेल तर एकदा पहाटे तीनलाही मोजा. घरच्या मशीनचा आकडा लॅबपेक्षा १५ टक्क्यांपर्यंत इकडेतिकडे असतो, १८० चा १६५ किंवा २०० दिसला तर घाबरायचं नाही, पण ६० का १६० एवढं ते नक्की सांगतं आणि तेवढं पुरतं. (रात्री एकच भाकरी खाल्ली तरी सकाळी १६० कशी, असं सगळ्या बायका विचारतात, तर पहाटे लिव्हर स्वतःच साखर सोडतं, ते जेवणाचं पाप नसतं.) मग एका कोऱ्या कागदावर मोठ्या अक्षरात एवढंच लिहा, चार ओळी :

"सकाळी साडेसातला गोळ्या, फक्त चहा-टोस्ट, जेवण दीडला. अमुक तारखेला ११.३० ला शुगर इतकी, थरथर-घाम. रात्रीची मेटफॉर्मिन पोट बिघडतं म्हणून आठवड्यात दोन-तीनदा घेत नाही. हिमोग्लोबिन ८.६, तळपायाची आग, बी-ट्वेल्व्ह कधी बघितलेलं नाही."

खुर्चीत बसल्या बसल्या, फाईल उघडायच्या आधी, हा कागद पुढे ठेवा. "६२ आली होती" असा एक खरा आकडा डॉक्टरांना जेवढा हलवतो तेवढं "मला बरं वाटत नाही" हे वाक्य हलवत नाही. शक्य असेल तर मिस्टरांना किंवा मुलांपैकी कुणाला सोबत आत न्या, सोबत माणूस असलं की आवाज आपोआप खाली येतो आणि सांगितलेलं लक्षातही राहतं. आवाज चढलाच तर शांतपणे म्हणा, "डॉक्टर, तुम्ही ओरडलात की मी खरं सांगत नाही, म्हणून आज लिहून आणलंय." हे वाक्य उद्धट नाहीये.

आता डॉक्टर बदलू का. हा कागद वाचून त्यांनी ग्लिमेपिराइडचा विचार केला, दोन तपासण्या लिहिल्या, तर बदलू नका, गावात हुशार एमडी असणं ही छोटी गोष्ट नाही. कागद बाजूला सारून परत "खाणं कमी करा" म्हणाले तर खुशाल बदला, त्यात बेइमानी काही नाही. नवीन डॉक्टर मोठ्या शहरातलाच पाहिजे असं नाही, एमबीबीएस फॅमिली डॉक्टरही उत्तम शुगर सांभाळतात. गोळी किती वाजता घेता विचारतात का, पाय बघतात का, नवी गोळी का देतोय ते सांगतात का, शुगर लो झाली तर फोन कुणाला करायचा ते सांगतात का, एवढं बघा. जुनी फाईल मागायला कचरू नका, डॉक्टरांसाठी २००२ साली केलेल्या आचारसंहितेतच आहे की पेशंटने रेकॉर्ड मागितलं तर ७२ तासांत द्यायचं. २०२० च्या मार्चपासून व्हिडिओवरून सल्ला घेणंही नियमात बसतं, त्यामुळे वर्षातून एक-दोनदा पुण्याच्या किंवा सोलापूरच्या हार्मोनतज्ज्ञाचं, म्हणजे एंडोक्रिनॉलॉजिस्टचं मत घ्यायचं आणि रोजचं गावात बघायचं असंही करता येतं. आणि खर्चाचं ओझं होत असेल तर सरकारी ग्रामीण रुग्णालयात, उपजिल्हा रुग्णालयात जा, एनसीडी क्लिनिक, म्हणजे शुगर-बीपीसारख्या न पसरणाऱ्या आजारांची ओपीडी, कुठल्या वारी असते ते विचारा, सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरपासून उपचारांपर्यंत मोफत केलंय. बाहेरून गोळ्या घ्यायच्या तर जनऔषधी केंद्रात मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड बरीच स्वस्त मिळते.

खाण्याचं थोडक्यात, कारण तुमच्या घरात आधीच तीन सल्लागार आहेत. तो ओट्स-ब्रोकोलीचा कागद ठेवून द्या. सासूबाईंची भाकरी चांगली आहे, पण कितीही नाही, आपल्याकडची एक मोठी ज्वारीची भाकरी म्हणजे जवळजवळ दोन चपात्यांचं पीठ, शुगर तिनेही वाढते. जेवताना आधी काकडी-मुळा-मेथी आणि मटकीची किंवा हुलग्याची उसळ खाऊन घ्या आणि मग भाकरीला हात लावा, याने जेवणानंतरची वाढ कमी होते हे सिद्ध झालेलं आहे, आणि जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटं अंगणात किंवा ऑफिसच्या आवारात चाला. भात आवडत असेल तर वाटीभर खा, वरणासोबत, भाकरी तेवढी कमी करून. उपवासाची साबुदाणा खिचडी मात्र जवळजवळ निव्वळ स्टार्च आहे, ती टाळलेली बरी. सकाळच्या नाश्त्याला मुगाचं धिरडं, उकडलेली अंडी खात असाल तर अंडी, नाहीतर रात्रीची भाकरी आणि दही-शेंगाचटणी, पाच मिनिटांत होतं आणि दीडपर्यंत टिकतं. नणंदेचं दोनदाच जेवणं ग्लिमेपिराइड चालू असताना अजिबात नाही. नंतर कधी करावंसं वाटलं तर आधी डॉक्टरांकडून गोळ्या बदलून घ्यायच्या, मग जेवणाच्या वेळा.

राहिली काकूंची पावडर. काकू प्रेमाने देतायत, पण डब्यावर काय घातलंय ते लिहिलेलं नसलेली पावडर घेऊ नका. अशा पावडरींमध्ये गुपचूप अॅलोपॅथीची शुगरची गोळी कुटून घातलेली सापडलीय, म्हणून तर त्यांनी "गुण" येतो, आणि तुमची आधीच लो होणारी शुगर त्याने कुठे जाऊन पडेल सांगता येत नाही. मेथीदाणे भिजवून खायचे, कारल्याची भाजी करायची तर करा, ते जेवण आहे. पण त्यासाठी गोळ्या एकदम बंद करणं नको. गोळ्या थांबल्या की पहिले आठ-दहा दिवस काहीच वाटत नाही, उलट पोट बरं राहतं म्हणून वाटतं किती छान, आणि शुगर तोपर्यंत चारशेच्या घरात गेलेली असू शकते. खूप तहान, सारखी लघवी, वजन भराभर उतरणं, उलट्या, असं काही झालं तर नंबर लावत बसू नका, त्याच दिवशी जो दवाखाना उघडा असेल तिथे जा.

फोन उद्या, नाश्ता उद्यापासून, कागद या आठवड्यात. बी-ट्वेल्व्हचा रिपोर्ट आणि अकरा वाजताचे आकडे आले की मला कळवा.